गुड फ्रायडेला भरलेली बाटली

मी एक जुनी बारोलो आहे. वाइन. खरं म्हणजे आता 'आहे' म्हणण्याइतकीही उरलेली नाही. बाटलीच्या तळाशी बोटभर गाळ राहिलाय, तेवढीच मी. मित्रांनो, तुमचं वय मला पिण्याचं नाही, ऐकण्याचं आहे. तेव्हा ऐका. बोलता बोलता मध्येच थांबले तर रागावू नका, मी फार दमले आहे.

माझा जन्म लांगे नावाच्या डोंगराळ मुलखातल्या टेकडीवरचा. आमचं द्राक्ष नेब्बियोलो, जातीचंच हट्टी. बाकीची द्राक्षं सप्टेंबरात गुमान टोपलीत बसून घरी जातात. आमचं मात्र ऑक्टोबर सरत आला, दरीत धुकं साचलं, हेझलनट वाळवून पोत्यांत भरून झाले, तरी वेलीला लटकलेलंच. माझा मालक आन्सेल्मो रोज सकाळी येऊन एक मणी तोंडात टाकायचा आणि मान हलवून परत जायचा. गावातले लोक त्याला हसायचे. तो म्हणायचा, "हसा. तुमची वाइन लग्नाला पुरते, माझी बारशाला पण पुरेल, नातवाच्या."

त्याच्या तळघरात एक पिंप होतं, माणसाएवढं. ते त्याच्या आजोबांच्या वेळचं. त्यात मी काही वर्षं पडून होते. लहानपणी माझी चव काही बरी नव्हती हे मी कबूल करते. कच्च्या अक्रोडाची साल चावल्यासारखी तुरट. पहिल्या वर्षी गावच्या पाद्रीबाबांनी एक घोट घेतला आणि त्यांचं तोंड असं वाकडं झालं की रविवारचं प्रवचन आखूड झालं. आन्सेल्मो म्हणाला, "फादर, ही पोर तोंडाळ आहे, पण मनाची चांगली आहे. जरा वय येऊ द्या." रंगानेही मी कधी काळीभोर नव्हते. फिकट लाल, कडेला विटकरी. लोकांना वाटतं हिच्यात काय दम असणार. मग वास घेतात. आधी सुकलेल्या गुलाबाचा वास येतो आणि त्याच्या मागोमाग, कुणाला वाटणारही नाही असा, रस्त्यावर ओतलेल्या ताज्या डांबराचा. आमची माती पांढरी आणि थंड. तिने हे कुठून आणलं ते मला विचारू नका.

मी पिंपात असतानाच, एका हिवाळ्यात, आन्सेल्मो छातीच्या दुखण्याने गेला. मला बाटल्यांत भरायचं राहूनच गेलं. मी त्याच्या हातची शेवटची वाइन. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

त्याला तीन मुलं. सगळ्यांत मोठी इर्मा. लग्न केलं नाही, स्वयंपाकघर सांभाळलं, आणि आवाज असा की दरीपलीकडच्या गाई वळून बघायच्या. तिच्या पाठचा चेलेस्तीनो, हुशार, सदा घाईत. धाकटा ओत्तावियो, बापाच्या पावलावर पाऊल ठेवणारा. बाप शिंकला तर हाही शिंकणार.

आमच्याकडे टिकवायची वाइन बाटलीत भरतात ती उतरत्या चंद्रावर. पौर्णिमा होऊन गेली पाहिजे. चढत्या चंद्रावर भरली तर ती बाटलीत स्वस्थ बसत नाही, गढुळते, फेसाळते, दोन उन्हाळ्यांत नासते, असं सगळे मानतात. चंद्राच्या कला छापलेली दिनदर्शिका आन्सेल्मो दरवर्षी नोव्हेंबरच्या जत्रेतून आणायचा. त्या नोव्हेंबरात तो अंथरुणाला खिळलेला होता. म्हणून भिंतीवर मागच्या वर्षीचीच लटकत राहिली. ती काढायचा कुणाला धीर झाला नाही.

वसंत आला. चेलेस्तीनोला तोरीनोच्या मोटारीच्या कारखान्यात नोकरी लागली होती. ईस्टर झाला की हजर व्हायचं होतं. गुड फ्रायडेच्या सकाळी तो नळी आणि बुचं घेऊन तळघरात आला. मागे ओत्तावियो.

"दादा, आज? बाबा ईस्टर झाल्यावर भरायचे."

"ईस्टर झाल्यावर मी इथे नसेन. तुझ्या दोन हातांनी हे पिंप कधी रिकामं होणार, पुढच्या जन्मी?"

"चंद्र बघितलास का?"

"ह्या धुक्यात माझं मला नाक दिसत नाही, चंद्र कुठून दिसणार? पण डोकं आहे ना. ईस्टर कधी येतो? पौर्णिमा झाल्यावरच्या रविवारी. रविवार परवावर आला. म्हणजे पौर्णिमा होऊन गेली. धर बाटली."

ओत्तावियोने डोकं खाजवलं. हिशेब बरोबर वाटत होता. त्याने बाटली धरली. वरून इर्मा ओरडली, "आज देवळातल्या घंटासुद्धा बांधून ठेवल्यात रे, आणि तुम्ही काम काढलंत!" पण खाली येऊन तिनेही बुचं ठोकायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत पिंप रिकामं झालं.

शनिवारी संध्याकाळी डोंगराकडून वारा सुटला आणि धुकं फाटलं. देवळाच्या घंटा सोडल्या, आणि त्याच वेळी टेकडीमागून चंद्र वर आला. थाळीएवढा, कुठेही न खुडलेला. अंगणात शेजारी जमले होते. एक म्हातारी म्हणाली, "आज पुरा झाला बरं का." ओत्तावियो तिथेच थिजला. पौर्णिमा शनिवारची होती. शुक्रवारी चंद्र चढता होता. पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे अगदी दुसराच दिवस असू शकतो, हे चेलेस्तीनोच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"एका रात्रीचा तर फरक," चेलेस्तीनो म्हणाला. पण आवाज पडला होता.

"दूध एका रात्रीतच नासतं."

"हे दूध नाही!"

"ही बाबांची शेवटची वाइन आहे. ते असते तर तुला पिंपाला हात लावू दिला नसता. तुला त्या कारखान्याची घाई."

"कारखाना पगार देतो. ही टेकडी काय देते? धुकं!"

"मग जा ना. तिकडे जेवताना मोटारीचं तेल पी."

चेलेस्तीनो सोमवारी गेला. ओत्तावियोने मग हट्टाने एक गोष्ट केली. सगळ्या बाटल्या दूरच्या एका व्यापाऱ्याला विकून टाकल्या. नासणारी वाइन बापाच्या नावाने घरात ठेवायची नाही, म्हणाला. माझ्या बहिणी गाडीत बसून सीमेपलीकडे गेल्या. त्यांचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. मी मागे राहिले, कारण इर्माने मला एप्रनखाली लपवलं होतं. तिने मला तळघरातल्या वाळूत आडवं पुरलं आणि चेलेस्तीनो नाताळाला आला तेव्हा दोघांना समोर उभं केलं.

"एक बाटली ठेवलीये मी. वीस वर्षं वाळूत राहू दे. बाबांची असेल तर टिकेल, चंद्राची असेल तर नासेल. तोवर दोघांनी तोंडं बंद ठेवायची."

त्यांनी ठेवली. वाइनविषयीच नव्हे, एकमेकांशी बोलणंच बंद ठेवलं.

वाळूतली ती वर्षं माझ्या आयुष्यातली सुखाची. अंधार, गारवा, कुणाचा त्रास नाही. माझा तुरटपणा हळूहळू विरघळला. जे बोचत होतं ते खाली बसलं, जे आत दडलं होतं ते वर आलं. पोरवयात मी भांडत होते, आता मला सांगण्यासारखं काही होतं. चंद्राने माझं काहीच बिघडवलं नव्हतं, मित्रांनो. मला ठाऊक होतं. पण बाटलीला तोंड असतं ते बुचाने बंद केलेलं.

वीस वर्षं झाली. नाताळ होता. इर्माने लोणी आणि सेजची पानं घालून ताजारीन शेवया केल्या, मांस शिजवलं आणि मला जेवणाच्या मेजावर मधोमध ठेवलं. चेलेस्तीनो तोरीनोहून आला होता. मी तयार होते. नंतर कधीच नव्हते इतकी तयार होते.

"उघड," इर्मा म्हणाली. कुणाला, ते तिने सांगितलं नाही.

"ज्याने भरली त्याने उघडावी," ओत्तावियो ताटाकडे बघत म्हणाला.

"ज्याला शंका आहे त्याने उघडावी," चेलेस्तीनो खिडकीकडे बघत म्हणाला.

"मला काही सिद्ध करायचं नाही."

"मग मला तरी कुठे करायचंय?"

"बरं, मग मीच उघडते," इर्मा उठली.

"नको!" दोघं एकदम ओरडले. एवढ्या वर्षांत ते एकच गोष्ट मिळून बोलले.

तेव्हा मला कळलं. मी चांगली निघाले असते, तर ठरलं असतं की ओत्तावियोने सख्ख्या भावाला एका रात्रीच्या चंद्रापायी तोडलं होतं आणि बापाची शेवटची वाइन उगीच विकली होती. मी नासलेली निघाले असते, तर ठरलं असतं की चेलेस्तीनोने बापाची शेवटची आठवण घाई करून मातीत घातली होती. दोघांपैकी एकाला हे पचवावं लागलं असतं. दोघंही भ्याले. मी वाइन राहिले नव्हते, पुरावा झाले होते. आणि पुरावा कुणी पीत नाही.

मला परत वाळूत पुरलं.

त्यानंतर ओत्तावियोने उशिरा लग्न केलं. बायको देल्फीना समुद्राकडची, मासे आणि पांढरी वाइन ह्यांत वाढलेली. पहिल्याच थंडीत तिने मांस शिजवायला घेतलं. आमच्याकडे ते बारोलोतच शिजवतात, हे तिला ठाऊक होतं. कुठल्या बारोलोत, ते ठाऊक नव्हतं. तळघरात उतरली आणि हाताला लागले मी. चुलीपाशी तिने बुचाला स्क्रू लावला, आणि तेवढ्यात इर्मा दारात.

"अगं ठेव! ठेव ती! भांड्यात घालतेस?"

"जुनी आहे ना ताई, म्हटलं संपवून टाकू."

"संपवून टाकू म्हणे! अगं, ह्या बाटलीवर दोन भाऊ टांगलेत!"

खरं सांगू? मला वाटत होतं, घाल बाई. कांदा, गाजर, दालचिनी, चार तास मंद आच. सगळं घर दरवळलं असतं. पोरं पावाने भांडं पुसून खातात, त्याहून चांगलं मरण कुठल्या वाइनला मिळतं? पण इर्माने मला हिसकावून घेतलं. पुन्हा अशी चूक नको म्हणून स्वयंपाकघरातल्या कपाटावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, उभं करून ठेवलं.

मित्रांनो, तिने हे मायेने केलं. पण कपाटाच्या बाजूला चूल होती आणि समोर दक्षिणेची खिडकी. वाइनला आडवं झोपवतात ते बूच ओलं राहावं म्हणून. मी उभी राहिले. बूच वाळलं, आकसलं, आणि त्याच्या कडेने हवा आत यायला लागली. थोडी थोडी, उंदरासारखी. हिवाळ्यात चुलीने मला शेकलं, उन्हाळ्यात उन्हाने. इर्मा दर शनिवारी मऊ फडक्याने मला पुसायची. पाहुणे म्हणायचे, "वा, काय बाटली आहे!" ती फुलून जायची. सगळे काचेचं कौतुक करायचे. आत कुणी आहे, हे कुणाच्या मनातही येत नव्हतं. आधी माझा गुलाब गेला, मग रंग. शेवटी मी फक्त उभी होते. उभं राहून राहून पाय दुखतात म्हणतात. मला पाय नाहीत, पण मला कळतं.

चेलेस्तीनो निवृत्त होऊन परत आला आणि घराच्या वरच्या निम्म्या भागात राहू लागला. अंगण एक, विहीर एक, बोलणं मात्र इर्मामार्फत. दोघं ह्याच स्वयंपाकघरात बसायचे, मेजाच्या दोन टोकांना.

"ताई, त्याला सांग, त्याच्या कुत्र्याने माझ्या कांद्यात खड्डे पाडलेत," ओत्तावियो म्हणायचा.

"ताई, त्याला सांग, कुत्रा मातीतली महागडी अळंबी हुंगतो. कांद्याखाली ट्रफल निघालं तर निम्मं देईन."

"त्याला सांग, त्याच्या कुत्र्याला ट्रफल आणि उंदीर ह्यांतला फरक कळत नाही."

"मेल्यांनो, मी काय तारखातं आहे?" इर्मा म्हणायची. पण निरोप पोचवायची, तोही शब्दन् शब्द, दोघं एकाच मेजाला बसलेले असताना. तीही थकत चालली होती. मला पुसताना कधी कधी हळूच म्हणायची, "बयो, आपण दोघी ह्यांच्यापायी सुकलो."

गेल्या ऑक्टोबरात, द्राक्षं उतरवून झाली त्या आठवड्यात, इर्मा गेली. दफन करून सगळे परत आले. देल्फीना पाहुण्यांना पोचवायला रस्त्यापर्यंत गेली. स्वयंपाकघरात दोघं म्हातारे उरले, मेजाच्या दोन टोकांना. दुपारचीच वेळ होती, पण बाहेर धुकं होतं आणि चूल विझत आली होती.

चेलेस्तीनो सवयीने म्हणाला, "ताई, त्याला सांग, चुलीत लाकूड घाल म्हणावं."

तिच्या खुर्चीवर तिचा एप्रन होता. चेलेस्तीनोने तोंडावर हात ठेवला. मग ओत्तावियो उठला, चुलीत लाकूड घातलं, आणि परत जागेवर जाण्याऐवजी कपाटापाशी आला. त्याने मला खाली उतरवलं.

बूच निघालं नाही, त्याचा भुगा झाला. ओत्तावियोने मला धुतलेल्या फडक्यातून दोन पेल्यांत गाळलं. बापाने शिकवलं होतं तसं, गाळ हलू न देता. एक पेला त्याने भावापुढे सरकवला.

"तू घे आधी," चेलेस्तीनो म्हणाला. "माझं नाक त्या कारखान्याच्या रंगखात्यात राहिलं. कितीतरी वर्षं झाली. कॉफीचा येत नाही, धुराचा येत नाही, कशाचाच वास येत नाही. ताईला ठाऊक होतं. तूच वास घे आणि सांग. तू सांगशील ते मी मानीन."

ओत्तावियोने पेला नाकाशी नेला. मी लाजले, मित्रांनो. मी चांगली दिसावं म्हणून जे काही करता आलं असतं ते सगळं करून बघितलं, पण माझ्याकडे काहीच उरलेलं नव्हतं. त्याच्या नाकाला झोंबला तो शिरक्याचा वास. कोशिंबिरीवर घालतात तो. त्याने एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

सगळा जन्म ज्याची वाट बघितली ते त्याच्या हातात होतं. आता फक्त म्हणायचं होतं, बघ, नासलीच. चंद्राने नाही नासवलं, कपाटाने नासवलं, पण ते त्याला कुठे ठाऊक होतं? समोर तो भाऊ बसला होता, पांढरे केस, हात गुडघ्यांवर, परीक्षेच्या निकालाला बसलेल्या पोरासारखा.

ओत्तावियोने डोळे उघडले. "बाबांचीच आहे, दादा," तो म्हणाला. "अगदी बाबांची. सुकलेला गुलाब आहे त्यात. चंद्रबिंद्र सगळं झूट. मीच गाढव ठरलो."

चेलेस्तीनोने पेला उचलला आणि एक मोठा घोट घेतला.

आता, नाक गेलं तरी जीभ असते. आंबट कळायला नाक लागत नाही. त्याचे खांदे शहारले, डोळ्यांत पाणी आलं. त्याला सगळं कळलं. मी कशी आहे ते कळलं, आणि धाकट्याने काय केलं तेही कळलं. त्याने मला गिळलं. पेला खाली ठेवला.

"आणि डांबर," तो म्हणाला. "गुलाबाच्या मागे डांबर आहे की नाही?"

"आहे तर."

"मग ओत की आणखी. चिक्कू तो चिक्कूच राहिलास."

दोघांनी मला संपवलं. प्रत्येक घोटाला एकाचं तोंड वाकडं व्हायचं आणि दुसरा त्या वेळी मुद्दाम खिडकीबाहेर बघायचा. देल्फीना परत आली, तिने पेल्याचा तळ हुंगून बघितला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. दोघांनी तिच्याकडे असं बघितलं की तिने ते मिटलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी, काहीतरी असं कपाटावर ठेवलेलं असेल. फार चांगलं आहे म्हणून ठेवलेलं, किंवा कुणाचं तरी चुकलं हे कळेल ह्या भीतीने ठेवलेलं. ते आजच खाली उतरवा. रोज पुसणं म्हणजे जपणं नव्हे. मी ज्या दिवशी गोड होते त्या दिवशी मला कुणी तोंड लावलं नाही. आणि ज्या दिवशी दोन म्हाताऱ्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत माझी स्तुती केली, त्या दिवशी माझा पुरता शिरका झाला होता.